ट्रेलर पाहून मोठा सिनेमा कसा निघेल हे ओळखता येतं का?

तुम्ही विचारलंय की ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’पासून ट्रेलर बघून तिकीट काढायचं आणि फसायचं असं सारखं होतंय, तर ट्रेलरवरून काही अंदाज येतो की नाही?

वाईट ट्रेलरवरून बऱ्यापैकी येतो. चांगल्या ट्रेलरवरून काहीही कळत नाही. हे थोडं आतून सांगतोय, कारण मी काही वर्षं एका मराठी वाहिनीसाठी मालिकांचे प्रोमो कट करायचो. मालिकेचा प्रोमो आणि शेकडो कोटींच्या सिनेमाचा ट्रेलर यांच्या बजेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, पण लबाडी तीच.

एकदा एका महाएपिसोडचा प्रोमो करायचा होता आणि तासाभराच्या भागात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. हळदीकुंकू, दोन रुसवे, एक फोन. मग एका सीनमधून सासूने हात वर केल्याचा शॉट उचलला. ती खरं तर वरच्या फळीवरचा डबा काढत होती. सून दचकून मागे वळते तो शॉट दुसऱ्याच सीनमधला, तिथे कुकरची शिट्टी झालेली असते. दोन्हींच्या मध्ये अर्धा सेकंद काळी फ्रेम आणि एक दणदणीत ‘धाड’. झाली थप्पड तयार. रविवारी रात्री आईचा फोन, “अरे, ती मारणार होती ना? मी मघापासून टीव्हीसमोरून उठले नाहीये.” मागे भाजी करपल्याचा वेगळा वृत्तांत होता.

बरं, हॉलिवूडमध्ये ट्रेलर कापायला वेगळ्या कंपन्याच असतात. बऱ्याचदा तेव्हा सिनेमा पुरा झालेलाही नसतो, व्हीएफएक्स (म्हणजे संगणकावर बनवलेली दृश्यं) अर्धवट, संगीत व्हायचंय. म्हणून संगीत बाहेरून आणतात. ‘इन्सेप्शन’च्या ज्या ट्रेलरने अंगावर काटा आणला, त्यातली ती प्रसिद्ध धून झॅक हेम्सीची. सिनेमाचा संगीतकार हान्स झिमर, त्याचा तिच्याशी संबंध नाही. मार्व्हलच्या ‘इन्फिनिटी वॉर’च्या ट्रेलरमध्ये वाकांडा या काल्पनिक देशात सगळ्यांबरोबर धावणारा हल्क आठवतोय? सिनेमात तो शॉट नाहीच. ‘रोग वन’च्या ट्रेलरमधले तर कितीतरी शॉट सिनेमात सापडत नाहीत.

यातला सगळ्यात मासलेवाईक प्रकार ‘सुसाईड स्क्वाड’चा. जानेवारी 2016 मध्ये क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’वर कापलेला त्याचा ट्रेलर आला आणि लोक वेडे झाले. स्टुडिओला तो इतका आवडला, की सिनेमाच्या एडिटिंगलाही त्यांनी ट्रेलर कापणाऱ्या कंपनीलाच बसवलं. घराचा ब्रोशर छापणाऱ्याला घर बांधायला सांगावं तसं. पडद्यावर जे आलं ते दोन तास चाललेल्या ट्रेलरसारखंच होतं: पात्र आलं की गाणं, दुसरं पात्र आलं की दुसरं गाणं, आणि गोष्ट कुठेच बूड टेकत नाही. समीक्षकांनी धू धू धुतला, पण गल्ला जमला. आणि ट्रेलरचं काम तेवढंच असतं. तुमच्या ‘ठग्स’ने 2018 च्या दिवाळीत पहिल्या दिवशी 50 कोटींच्या वर कमावले, नंतर आपटला. ट्रेलर त्या पहिल्या दिवसासाठी होता. दुसऱ्या दिवशी तुमचा मेव्हणा फोन करून “जाऊ नकोस” म्हणेल, तोवर तुमचे पैसे निर्मात्याच्या खिशात पडलेले असले पाहिजेत.

आता वाईट ट्रेलर. हाताशी जेवढा सिनेमा तयार आहे, त्यातून हवी ती दीड-दोन मिनिटं निवडायची मुभा आहे, हवं ते संगीत लावता येतंय, आणि तरीही जे समोर ठेवलं ते असं? मग उरलेलं काय असेल! ‘आदिपुरुष’चा टीझर 2 ऑक्टोबर 2022 ला अयोध्येत शरयूकाठी मोठ्या थाटात दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून मीम सुरू झाले. व्हिडिओ गेमसारखं दिसतंय म्हणून. जानेवारीतलं प्रदर्शन पुढे ढकलून 16 जून 2023 वर नेलं. मी तेव्हा मित्रांशी भांडलो होतो. दिग्दर्शक ओम राऊत आपला माणूस, ‘लोकमान्य’ केलाय, ‘तान्हाजी’ केलाय, सावरेल म्हटलं. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या पैशाने गेलो. टीझरमध्ये जे निर्जीव वाटलं होतं ते तसंच निर्जीव होतं, वर संवाद असे की प्रदर्शनानंतर ते बदलावे लागले. टीझर खरं बोलत होता, मीच ऐकलं नाही.

अपवाद आहेत. ‘सॉनिक’चा 2019 मधला पहिला ट्रेलर बघून लोकांनी आरडाओरडा केला, निर्मात्यांनी पात्राचा चेहराच बदलला, सिनेमा 2020 मध्ये आला आणि चालला. तिथे बिघाड एकाच ठिकाणी होता, म्हणून दुरुस्त झाला. आणि ‘एज ऑफ टुमॉरो’च्या ट्रेलरवरून तो रडका युद्धपट वाटायचा. प्रत्यक्षात टॉम क्रूझ पुन्हा पुन्हा मरतो आणि आपण खो खो हसतो. विकणाऱ्यांना आपला माल काय आहे हेच समजलं नव्हतं.

मी स्वतः ट्रेलरमध्ये एक गोष्ट बघतो: दोन माणसं एकमेकांशी बोलतात का? म्हणजे एकाने वाक्य टाकलं आणि समोरच्याने त्याच खोलीत, त्याच फ्रेममध्ये उत्तर दिलं, असं एकदा तरी होतं का? बहुतेक मोठ्या ट्रेलरमध्ये होत नाही. वाक्य ऐकू येतं तेव्हा पडद्यावर घोडे धावत असतात आणि बोलणाऱ्याचं तोंड दिसतच नाही. ते वाक्य कुठलं, कुणाला म्हटलेलं, देव जाणे. (माझ्या सासूने डबा काढतानाचा शॉट आठवा. म्हणजे मालिकेतल्या सासूने. माझी सासू हे वाचते.) एखादा शॉट चार-पाच सेकंद न कापता ठेवला असेल, तर मी जरा सरसावून बसतो. तेवढा वेळ टिकणारा शॉट असायला लागतो.

एक लबाडी मात्र मला मान्य आहे. ‘सैराट’ला आम्ही ‘झिंगाट’च्या जोरावर गेलो होतो. थिएटरात पोरं खुर्च्यांवर चढून नाचली. शेवटी दिवे लागले तेव्हा तीच पोरं खाली मान घालून बाहेर पडत होती, चप्पल घासल्याचा तेवढा आवाज. तो शेवट आधी कळला असता तर मी भांडलो असतो.

फसगत झाली म्हणून कोर्टात जायचा विचार असेल, तर तेही करून झालंय. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एक शिक्षिका ‘जबरा फॅन’ गाणं बघून मुलांना घेऊन ‘फॅन’ला गेल्या, आणि गाणं सिनेमात नव्हतंच. त्यांनी ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्ह्यात हरल्या, राज्य आयोगात जिंकल्या. 10,000 रुपये भरपाई आणि 5,000 खर्च मंजूर झाला, राष्ट्रीय आयोगानेही तो कायम ठेवला. पण एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार नाही, असं न्यायालय म्हणालं. कायद्याने बरोबरच असेल. मी मात्र निकालाची बातमी वाचली तेव्हा आधी आईच्या भाजीचा विचार केला.

तेव्हा शुक्रवार सोडा. शनिवारी दुपारपर्यंत थांबा आणि ज्याची आवड तुमच्याशी जुळते अशा एकाच माणसाला विचारा. माझ्यासाठी ते काम आमच्या सोसायटीतले एक रिटायर्ड एसटी कंडक्टर करतात. त्यांनी अजून एकही ट्रेलर पाहिलेला नाही.