बुडाला जाणारा तडा

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर कुंभाराच्या चाकावर बसायला शिकले, वर्ष झालं. माझ्या वाडग्यांच्या बुडाला वाळताना नागमोडी तडा जातो. काय चुकतं? आणि चाळीस वर्षं हेच काम करून तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?

उत्तर : आधी तड्याचं बघू. भिंत वर ओढताना बोटांमध्ये माती दाबली जाते, बुडाची माती मात्र सैलच राहते. त्यात तळाशी पाणी साचलेलं असतं. काठ आधी वाळून आक्रसतो, बूड मागून, आणि त्या ओढाताणीत माती तळाशी फाटते. म्हणून चाकावरच्या गोळ्यात अंगठ्यानं खळगा करून माती उघडली की बूड मध्यापासून कडेकडे आणि परत मध्याकडे तीन-चारदा दाबून घ्या. पाणी स्पंजनं टिपा. काठ जरा घट्ट होऊ लागला की वाडगा पालथा ठेवा, वर प्लास्टिक सैल टाका.

मला हे कळायला तीन वर्षं लागली. तोवर मी तडे ओल्या मातीनं लिंपत असे आणि भट्टीतून ते पुन्हा उघडून येत. शेवटी एक ओला वाडगा तारेनं उभा कापला. भिंत पातळ आणि बूड चांगलं बोटभर जाड! अजूनही दर आठवड्याला एक भांडं कापते, तेही त्यातलं सगळ्यांत आवडलेलं.

कंटाळ्याचं म्हणाल, तर मी एकोणीस वर्षं तांब्याच्या लाल ग्लेझमागे, म्हणजे भांड्यावर काचेसारख्या बसणाऱ्या लेपामागे, आहे. भट्टीत हवा भरपूर असली की तांबं हिरवं होतं. हवा कमी करून ज्वाला कोंडली की तेच लाल. १२८० अंशांच्या आसपास, एकाच फळीवर, पुढचा वाडगा डाळिंबासारखा निघतो आणि मागचा राखाडी. एकदा एकाच वाडग्यावर लाल उतरत उतरत फिकट हिरव्यात गेलं होतं. त्या दिवशी धुराड्याची झडप किती उघडी होती, कोणती फळी होती, सगळं वहीत आहे. तसं पुन्हा साधलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत भट्टी लावतेय, झडप या वेळी अर्धा तास आधी ओढणार आहे.

तुमचे तडकलेले वाडगे भाजलेले नसतील तर टाकू नका. पूर्ण वाळू द्या आणि मगच पाण्यात घाला. अर्धओली माती नीट विरत नाही. कोरडी रात्रीत विरते, मग वरचं पाणी काढा आणि माती मळण्याइतकी घट्ट झाली की मळायला घ्या.