गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यावर किती दिवसांनी लागू पडते? (पाळीच्या नवव्या दिवशी सुरू केली, आज तिसरी गोळी, आता चालेल का?)

नाही चालणार. तुझी ती "तिसरी गोळी" वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

नवरा तेव्हा पुण्यात कामाला आणि मी साताऱ्याकडे सासरी, पोरगा चौदा महिन्यांचा. शनिवारी नवरा येणार म्हणून मी गुरुवारी गोळ्या सुरू केल्या, पाळीचा अकरावा दिवस होता. पाकीट साड्यांच्या घडीत लपवलेलं, कारण घरात कपाट एकच आणि ते सगळेच उघडणार. शनिवारी रात्री मी म्हटलं अजून थांबूया, तर साहेब म्हणतात "तीन गोळ्या पोटात गेल्यात की आता, अजून किती दिवस?" मला तरी कुठं माहीत होतं, मेडिकलवाल्यानं कागदात गुंडाळून दिल्या, मान वर करून बघितलंसुद्धा नाही आणि आतला कागद मुंगीएवढ्या अक्षरात. पुढच्या महिन्यात पाळी नाही, टेस्टवर दोन रेघा.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे, गुणाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. सासूबाईंनी तेव्हापासून जी येईल तिला सांगायला सुरुवात केली की त्या गोळ्या म्हणजे खडूची पूड, आमच्या सुनेनं खाऊन बघितल्या. धाकट्या जाऊबाईंनी ते ऐकून गोळ्यांना हातच लावला नाही, चार वर्षांत तीन बाळंतपणं. अहो, गोळी नव्हती चुकली, सुरुवात चुकली होती! पाळी आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर त्याच दिवसापासून लागू. त्यानंतर सुरू केली तर रोज एक अशा सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत काँडम, नाहीतर लांब राहायचं. अकराव्या दिवशी बीज तयार होत आलेलं असतं, दोनतीन गोळ्यांनी ते थांबेलच असं नाही. हे मला बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी दोन मिनिटांत सांगितलं. सासूबाई शेजारीच बसलेल्या, त्यांनी ऐकलं नाही असं नाही, पण सांगतात अजून तीच खडूची गोष्ट.

नंतर मी पाच वर्षं त्याच गोळ्या खाल्ल्या, काही झालं नाही. माला-डीसारख्या पाकिटात २८ असतात, २१ पांढऱ्या आणि ७ काळपट. काळपट लोहाच्या असतात, त्या नाही खाल्ल्या तरी गर्भ राहत नाही, पण त्या टाकून दिल्या की दिवस मोजायचे राहतात आणि नवं पाकीट उशिरा सुरू होतं, तिथं घोळ होतो. म्हणून खायच्या. छाया नावाची गोळी वेगळी, ती रोजची नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, तिला हा सात दिवसांचा हिशेब लावू नको.

तू आजपासून काँडम वापर, सात पूर्ण होईपर्यंत. मधल्या दिवसांत तसंच काही झालं असेल तर ७२ तासांच्या आत मेडिकलमधून इमर्जन्सीची गोळी घे, जितकी लवकर तितकी बरी, आणि पाळी चुकली तर टेस्ट कर. हो, आणि हे आधी सांगायला हवं होतं, बीपी असेल, डोळ्यापुढं चमकून अर्धशिशी होत असेल, बाळ अंगावर पीत असून सहा महिन्यांचं झालं नसेल किंवा टीबीचं औषध चालू असेल (त्यातल्या एका औषधानं गोळीचा असर कमी होतो) तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नको. गोळी खाऊन लगेच उलटी झाली तर दुसरी खायची.

आणि "तीन झाल्यात की" असं तुझ्याही घरी कोणी म्हणालं असेल तर त्याला हे वाचायला दे. आमच्या साहेबांना मी लिंक पाठवणारच आहे, सासूबाईंना ते वाचून दाखवतील.