हौशी फुटबॉल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रौढांच्या हौशी फुटबॉल लीगमध्ये खेळणाऱ्या, किंवा खेळू पाहणाऱ्या, वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४३ आहे. महाविद्यालयात असताना मी संघाकडून उजव्या बगलेवर खेळत असे. पुढे नोकरी-संसारात खेळ सुटला. आता सहकाऱ्यांनी लीगसाठी माझे नाव संघात घातले आहे. पहिला सामना दोन महिन्यांवर आहे. एवढ्या अवधीत तयारी होईल का?

उत्तर : होईल, पण तयारी कशाची करायची हे आधी ठरवावे लागेल. पुन्हा खेळू लागणारे बहुतेक जण दम वाढवण्याच्या मागे लागतात आणि रोज सकाळी एकाच गतीने धावतात. दम त्यामानाने लवकर परत येतो. मागे राहतात ते स्नायू आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, कारण फुटबॉलमध्ये सरळ धावणे थोडे आणि थबकणे, वळणे, मागे सरकणे व अचानक मुसंडी मारणे फार. टाचेवरचा कंडरा तुटण्याची दुखापत तीस ते पन्नास या वयातील, अधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांत प्रामुख्याने आढळते, त्याचे कारणही हेच आहे. मनाला जुना वेग आठवत असतो. पायाला तो पेलण्याची सवय उरलेली नसते.

सर्वप्रथम डॉक्टरांकडे जावे. पस्तिशीनंतर खेळताना होणाऱ्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे मुख्य कारण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा आजार हे असते, आणि तो आजार वर्षानुवर्षे कसलाही त्रास न देता अंगात असू शकतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, ही सर्व माहिती डॉक्टरांना द्यावी. कोणत्या तपासण्या हव्यात ते त्यांना ठरवू द्यावे. श्रम करताना छातीवर दाब येणे, जबड्यात किंवा हातात कळ जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही जाणवले तर सामना तिथेच संपला असे समजावे. हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. डेन्मार्कमधील पीटर क्रुस्ट्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय नसलेल्या प्रौढांना आठवड्यातून दोन-तीनदा, सुमारे तासभर, लहान मैदानावर कमी खेळाडूंचा फुटबॉल खेळायला लावून जे अभ्यास केले, त्यांत काही महिन्यांतच रक्तदाब उतरल्याचे आणि दम वाढल्याचे दिसून आले. खेळ हितकारकच आहे. प्रश्न फक्त त्यात शिरायचे कसे एवढाच आहे.

पहिले तीन आठवडे भरभर चालणे व संथ धावणे यांचा मेळ घालावा आणि एक दिवसाआड पोटऱ्यांसाठी चवड्यांवर उभे राहून टाचा सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम करावा. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी, म्हणजे हॅमस्ट्रिंगसाठी, नॉर्डिक नावाचा एक साधा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहून, घोटे जोडीदाराला धरून ठेवायला सांगून, कंबर न वाकवता शरीर हळूहळू पुढे झुकवत न्यायचे. हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात, असे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. सुरुवात मोजक्या आवर्तनांनीच करावी. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या ठणकतात की पुष्कळ जण तिथेच तो सोडून देतात. चौथ्या आठवड्यापासून छोट्या धावा घ्याव्यात, प्रथम निम्म्या वेगाने आणि मग आठवड्यागणिक वाढवत, आणि सहाव्या आठवड्यानंतरच वळणे, थांबणे व पाच-पाच जणांचा खेळ यांकडे वळावे. पूर्ण वेगाची पहिली धाव सामन्यातच घेतली गेली, तर तयारी झालीच नाही असे म्हणावे लागेल.

सामन्याआधी गोलवर चेंडू मारत उभे राहणे म्हणजे वॉर्मअप नव्हे. फिफाच्या वैद्यकीय विभागाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा क्रम संघाने एकत्र करावा. त्यात आधी हलके धावणे, मग ताकद, तोल व उड्या, आणि शेवटी वेगाच्या धावा अशी रचना आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात हा क्रम पाळणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळल्या. तो अभ्यास कुमारवयीन मुलींवर झाला होता, हे खरे. पण चाळिशीतल्या गुडघ्यांना अशा तयारीची गरज कमी असेल, असे मानण्यास काही आधार दिसत नाही.

प्रश्न : मी आमच्या संघाचा कर्णधार आहे. नोंदणी १८ जणांची आहे. कधी नऊच येतात, कधी सोळा. वर्गणी सर्वांची सारखी, त्यामुळे बाहेर बसलेले नाराज होतात; सर्वांना खेळवले तर चांगले खेळाडू म्हणतात की सामना हातचा घालवला. काय करावे?

उत्तर : या सदराकडे आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वाधिक आहे, आणि हौशी संघ फुटतात ते पराभवांमुळे नव्हे तर याच कारणामुळे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एक बैठक घेऊन हा संघ जिंकण्यासाठी खेळतो की सर्वांना खेळता यावे म्हणून खेळतो, याचा उघड निर्णय करावा. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. वर्गणी समान घेणे आणि वेळ मात्र कौशल्याप्रमाणे वाटणे, तेही न सांगता, हे तेवढे प्रामाणिक नाही.

आमचे मत विचाराल तर हौशी लीगमध्ये वेळ समान वाटावा. त्यामागे केवळ न्यायबुद्धी नाही. ज्याला तीन रविवार दहा-दहा मिनिटे मिळाली तो चौथ्या रविवारी येत नाही, आणि मग ज्या दिवशी आपले दोन चांगले खेळाडू कामात अडकतात त्या दिवशी संघ नऊ जणांनिशी उतरतो. आपली तक्रार दोन नसून एकच आहे.

वाटणी सामन्यातील गडबडीत न करता आदल्या रात्री कागदावर करावी. समजा, सामना ८० मिनिटांचा आहे, १४ जण येणार आहेत आणि गोलरक्षक पूर्ण वेळ खेळणार आहे. मैदानावरच्या बाकीच्या दहा जागा १३ जणांत वाटायच्या आहेत. सामन्याचे २० मिनिटांचे चार भाग करावेत आणि प्रत्येक भागात तिघांनी बाहेर बसावे. बारा जण प्रत्येकी एकदाच बाहेर बसतात, ६० मिनिटे खेळतात, आणि एक जण पूर्ण सामना खेळतो; तो मान दर आठवड्याला फिरता ठेवावा. सोळा जण आले तर दर भागात पाच जण बाहेर, म्हणजे काहींना दोनदा बसावे लागेल. त्यांची नावे लिहून ठेवून पुढच्या सामन्यात ती पाळी इतरांवर टाकावी. तिघेही बचावपटू एकाच वेळी बाहेर जाणार नाहीत, एवढी काळजी घेतली की खेळ विस्कळीत होत नाही.

बाहेर गेलेल्याने पुन्हा आत यावे की नाही, हे मात्र आपल्या लीगच्या नियमावर अवलंबून आहे. खेळाचे नियम ठरवणाऱ्या, १८८६ साली स्थापन झालेल्या, आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशी, प्रौढ-ज्येष्ठ व कुमार फुटबॉलसाठी अशा पुनर्प्रवेशाची मुभा ठेवली आहे, परंतु ती स्थानिक संघटनेने स्वीकारलेली असावी लागते. तसेच संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही, हेही नऊच जण आलेल्या दिवशी ध्यानात असावे. दोन दुखापती झाल्या की आपण त्या काठावर येऊन पोहोचता.

गोलरक्षक कोणी होत नसेल तर ती जागाही अर्धा-अर्धा वेळ फिरती ठेवावी. अदलाबदल मध्यंतरात करावी; उत्तरार्धाच्या मध्ये करायची झाल्यास खेळ थांबलेला असताना आणि पंचांना सांगूनच करावी, अन्यथा दोघांनाही पिवळे कार्ड मिळते.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. फुटबॉल कधीच खेळलेले नाही, पण स्त्री-पुरुषांच्या मिश्र लीगमध्ये नाव दिले आहे. मी कोणत्या जागेवर खेळावे? आणि ऑफसाइड मला कोणी समजावून सांगेल का?

उत्तर : बगलेवर खेळावे, शक्यतो बचावफळीच्या कडेला. मैदानाच्या मध्यभागी चेंडू मिळाला तर प्रतिस्पर्धी चारही दिशांनी येऊ शकतो. कडेला मैदानाची रेषा एका बाजूने आपली पाठराखण करते आणि पाहायला कमी जागा उरते. चेंडू येण्यापूर्वी एकदा मान वळवून आजूबाजूला पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. पायांचे कौशल्य सावकाश येईल. नवख्या खेळाडूचा चेंडू जातो तो बहुधा पायामुळे नव्हे, तर चेंडू आल्यावर ‘आता कोणाला देऊ’ याचा विचार सुरू केल्यामुळे.

ऑफसाइड असे : सहकारी चेंडू मारतो त्या क्षणी आपण प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असाल आणि चेंडू व त्यांचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांपेक्षाही त्यांच्या गोलरेषेच्या जवळ असाल, तर आपण ऑफसाइड जागी आहात, आणि त्यानंतर आपण खेळात भाग घेतला तर तो गुन्हा ठरतो. त्या खेळाडूच्या बरोबरीने असाल तर ऑफसाइड नाही. हात मोजले जात नाहीत. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकीक यांवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागू नाही. लहान मैदानावरच्या बऱ्याच लीगमध्ये तर हा नियम ठेवलेलाच नसतो; तेव्हा आधी आपल्या लीगची नियमपत्रिका मागून घ्यावी. मिश्र लीगमध्ये किती स्त्री खेळाडू मैदानावर असाव्यात, अंगाला अंग भिडवण्यास किती मोकळीक आहे, हेही त्याच कागदावर सापडेल.

प्रश्न : गेल्या सामन्यात हेडर मारताना माझे डोके दुसऱ्या खेळाडूच्या डोक्यावर आपटले. शुद्ध हरपली नाही, पण थोडा वेळ गरगरत होते. बदली खेळाडू नसल्याने मी खेळत राहिलो. आता बरे आहे. काळजीचे कारण आहे का?

उत्तर : आपण खेळत राहायला नको होते. मेंदूला हादरा बसण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही. बहुसंख्य प्रसंगी ती हरपत नाही. गरगरणे हे पुरेसे लक्षण आहे, आणि असा नुसता संशय आला तरी त्या दिवशी त्या खेळाडूने पुन्हा मैदानात उतरायचे नसते, मग संघ दहा जणांचा राहिला तरी चालेल. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला, तर परिणाम फार गंभीर होऊ शकतात.

आता बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, एकाची दोन दिसणे, हातापायांत अशक्तपणा, झटके, मान दुखणे किंवा नेहमीपेक्षा वेगळी गुंगी यांपैकी काही आढळले तर थेट रुग्णालय गाठावे. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, हलके चालणे, मोबाइल-संगणक कमी. त्यानंतर हलका व्यायाम, एकट्याचा सराव, संघासोबत सराव अशा पायऱ्यांनी परतावे, प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस थांबावे आणि त्रास वाढला तर मागे यावे. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात उतरण्यापूर्वी डॉक्टरांची संमती घ्यावी. आणि कर्णधाराला एक सांगावे : असा निर्णय मार लागलेल्या खेळाडूवर सोडू नये, कारण तो नेहमी ‘ठीक आहे’ असेच म्हणतो.

प्रश्न : आमचा एक सहकारी प्रत्येक निर्णयावर पंचांशी हुज्जत घालतो. पंच बिचारे एकटेच असतात. त्याला आवरावे कसे?

उत्तर : पंचांशी फक्त कर्णधाराने बोलावे असा नियम संघानेच करावा. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने २०२४ च्या युरो स्पर्धेत हीच पद्धत अवलंबली होती, तेव्हा आपल्या सहकाऱ्याला ती कमीपणाची वाटण्याचे कारण नाही. शिवाय लीगच्या व्यवस्थापकांना तात्पुरत्या हकालपट्टीचा नियम लागू करण्याची विनंती करता येईल. हौशी सामन्यांत अशा खेळाडूला एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के इतका काळ बाहेर बसवता येते आणि त्या काळात संघाला एक जण कमी ठेवून खेळावे लागते. त्याचे भांडण सर्वांना महागात पडू लागले की सहकारीच त्याला गप्प करतील.

प्रश्न : वय ५८. गुडघे कुरकुरतात, पण खेळ सोडवत नाही. काही मार्ग?

उत्तर : चालण्याचा फुटबॉल. २०११ साली इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे पन्नाशीपुढच्या लोकांसाठी तो सुरू झाला आणि नंतर अनेक देशांत पसरला. एक पाय सतत जमिनीला टेकलेला असला पाहिजे, धावल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याला जातो, अंगाला अंग भिडवण्यास मनाई असते. हे ऐकून हसणारे पुष्कळ असतात. पण धावून सुटका करून घेण्याची सोय नसल्याने पास नेमका द्यावा लागतो, आणि त्या बाबतीत आपल्या वयाचे खेळाडू तिशीतल्यांना भारी पडू शकतात. गुडघे एकदा अस्थितज्ज्ञांना दाखवून घ्यावेत आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत.

प्रश्न : गवताच्या मैदानासाठी घेतलेले बूट कृत्रिम टर्फवर चालतील का?

उत्तर : टाळावे. लांब स्टड, म्हणजे तळव्याच्या खुंट्या, टर्फमध्ये रुततात आणि शरीर वळले तरी पाऊल जागीच राहते. तो पीळ घोट्याला किंवा गुडघ्याला बसतो. टर्फसाठी तळव्यावर बारीक व पुष्कळ रबरी खुंट्या असलेले बूट मिळतात, ते घ्यावेत. संध्याकाळी, खेळताना घालता तेच मोजे चढवून बूट पाहावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगलेले असते. शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायचे संरक्षक कवच, सक्तीचे आहेत. अंगठी व साखळी घरी ठेवावी. त्यांवर चिकटपट्टी लावलेली पंचांना चालत नाही.