उजनीत बोटी बांधून दुपार घालवायची म्हणताय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: आम्ही सोलापुरातले सात-आठ मित्र, उजनी धरणाच्या बॅकवॉटरला करमाळ्याच्या बाजूनं जातो. एक मोठी फायबरची बोट आणि दोन लहान, तिन्हींना इंजिन आहे. आता डोक्यात आलंय की पाण्याच्या मधोमध तिन्ही शेजारी शेजारी बांधायच्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढायची आणि दुपार तिथंच काढायची. व्हिडिओत बाहेरच्या देशातले लोक दहा-दहा बोटी बांधून बसलेले दिसतात. एक मित्र म्हणतो दोर बांधला की झालं, दुसरा म्हणतो बोटी एकमेकींवर आपटून फुटतील. खरं काय ओ?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: दुसऱ्याचं ऐका. लगेच फुटतील असं नाही, पण नुसता दोर टाकून बसलात तर घासून आपटून फायबरला तडे जातात आणि त्याच्या आधी कुणाची तरी बोटं चेंगरतात. पद्धतीनं केलं तर तीन बोटी बांधून निवांत जेवता येतं. फक्त माझा एक हट्ट आहे, बांधायच्या आधी सुटायचं कसं ते ठरवून घ्या. व्हिडिओत सगळे बांधताना दिसतात, सुटताना कोण शूट करत नाही, आणि गडबड सगळी तिथंच होते.

मोठी बोट आधी एकटी जाऊन नांगर टाकणार, मग लहान दोघी तिच्या एकेका बाजूला लागणार. दोन्ही एकाच बाजूला लावल्या तर ताण एकीकडं येतो आणि सगळं लटांबर तिरकं उभं राहतं. नांगर पुढच्या टोकावरून टाकायचा, मागून कधीच नाही, कारण मागची बाजू बुटकी, त्यात इंजिनाचं वजन, जरा मोठी लाट आली की पाणी थेट आत. दोर किती सोडायचा? समजा पाण्याची खोली ४ मीटर, पाण्यापासून पुढच्या टोकाची उंची १ मीटर, झाले ५, त्याच्या सातपट म्हणजे ३५ मीटर. लोक सोडतात दहा मीटर आणि म्हणतात नांगर धरत नाही. अहो धरंल कसा, आडवी ओढ बसली तर नांगर गाळात रुततो, वरच्या बाजूला ओढला की उपटून येतो, म्हणूनच तर नांगराला लागून थोडी साखळी लावतात, तिच्या वजनानं ओढ आडवी राहते. आणि हा एकटा नांगर आता तीन बोटींवरचा वारा झेलणार आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळं नांगर मोठ्या बोटीच्या मापाचा असला तरी त्याहून एक माप जडच घ्या. लहान बोटींनी आपले नांगर टाकायचे नाहीत, वारा फिरला की बोटी फिरतात आणि तीन दोरांचा असा गुंता होतो की सोडवता सोडवता संध्याकाळ होते.

नांगर टाकला की लगेच बाकीच्यांना हाका मारू नका. काठावरचं एखादं झाड आणि त्याच्या मागचा लाईटचा खांब एका रेषेत धरा आणि थोडा वेळ बघत बसा, बोट डावी-उजवी डुलंल ते चालतं, पण रेष एकाच बाजूला सरकत चालली तर नांगर घसरतोय, परत टाका.

दुसरी बोट येणार ती मागून, वाऱ्याकडं तोंड करून, माणूस चालतो त्याहून हळू. फेंडर (बोटी घासू नयेत म्हणून मध्ये लटकवायच्या गाद्या) आणि दोर यायच्या आधीच लटकवून तयार, जवळ आल्यावर पिशव्या उचकत बसायचं नाही. पुढचा दोर आधी द्यायचा, मग मागचा. अंतर चुकलं तर मागं जाऊन परत या, कोण हसत नाही. पण हातापायानं बोट थोपवायला जाऊ नका, हे लहान पोरांना चार वेळा सांगा आणि मोठ्यांना आठ वेळा, कारण मोठेच जास्त करतात.

आता दोर. बहुतेक लोक दोन बांधतात, पुढं एक, मागं एक, आणि मग बोटी एकमेकींना घासत पुढंमागं सरकत राहतात. अजून दोन तिरके पाहिजेत, एक तुमच्या पुढच्या बाजूपासून शेजारणीच्या मागच्या बाजूला आणि दुसरा बरोबर उलटा, म्हणजे सरकणं बंद. शिडाच्या बोटी असत्या तर डोलकाठ्या एका ओळीत येणार नाहीत अशा पुढंमागं लावाव्या लागल्या असत्या, नाहीतर लाटेवर डोलताना वर आपटतात, तुम्हाला ती कटकट नाही. निरगाठ कुठंच मारू नका. क्लीट, म्हणजे दोर गुंडाळायची बोटीवरची खुंटी, असेल तर त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे, नसेल तर सुरगाठ, गुराला दावं लावताना एका हिसक्यात सुटणारी मारतात ना तीच. आणि दोराचं मोकळं टोक प्रत्येक लहान बोटीच्या स्वतःकडं पाहिजे, म्हणजे शेजारच्याला न विचारता तिला सुटता आलं पाहिजे.

फेंडर महाग वाटत असतील तर स्कूटरचे जुने टायर चालतात, बोटीचं पोट जिथं सगळ्यात फुगीर असतं तिथं दोन-तीन लटकवा. टायरला खालून भोक पाडा, नाहीतर पाणी साचतं. रबराचे काळे डाग पांढऱ्या फायबरवर बसतात ते जात नाहीत, म्हणून वर जुनी सोलापुरी चादर गुंडाळा, घरात विचारून.

आता माझ्या हट्टाकडं येतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत पाणी आरशासारखं असतं, मग उकाडा, मग एका बाजूनं काळं येतं आणि वळवाच्या आधीचा वारा पावसाच्या पुढं धावत येतो, पाऊस पडायच्या आतच पाणी उसळलेलं असतं. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी याच उजनीत अशा वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती प्रवासी होडी होती, बांधलेली वगैरे नव्हती, पण पाणी तेच आणि वाराही तोच. बांधलेल्या बोटींचं असं असतं की लाट आली की प्रत्येक बोट वेगवेगळी उचलली जाते, दोराला हिसके बसतात, फेंडर उडून बाहेर येतात आणि तेव्हा गाठ सोडायला हात आत घालणं म्हणजे हात गमावणं. त्यामुळं ढग काळे दिसले, लांब गडगडलं, गार झुळूक आली, यातलं काहीही एक झालं की डबा तसाच झाका आणि सुटा. सगळ्यात बाहेरची आधी, मधली शेवटी. दोर सोडायच्या आधी प्रत्येकानं आपलं इंजिन चालू करून बघायचं, नाहीतर सुटल्यावर बंद इंजिनाची बोट वाऱ्याबरोबर खडकाकडं निघते. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याजवळ दोर लोंबत नाही ना तेही बघा. मोठ्या बोटीत धारदार सुरी हाताशी ठेवा, दोर स्वस्त असतो. चालवणाऱ्यानं प्यायचं नाही. लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, सीटखाली नाही. आणि अंधार पडायच्या आत मोकळं व्हा, रात्र बांधून काढायचा विचार काढून टाका.

प्रश्न: मागच्या उन्हाळ्यात नांगर खाली कशात तरी अडकला, शेवटी दोर कापून आलो. परत तसं होऊ नये म्हणून काय करायचं?
(एक वाचक, टेंभुर्णी)

उत्तर: कशात अडकला याचं आश्चर्य नको. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या जलाशयाखाली, म्हणजे यशवंतसागराखाली, गावंच्या गावं गेली, घरांची जोती, विहिरी, बांध, झाडांचे बुंधे सगळं खाली आहे. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं ते तुम्ही बघितलंच असेल. उपाय सोपा आहे, नांगराच्या बुडाला, म्हणजे फाळ जिथं जोडलेले असतात तिथं, एक बारीक दुसरा दोर बांधा आणि त्याच्या वरच्या टोकाला रिकामा प्लास्टिकचा कॅन. अडकला तर कॅन उचलायचा आणि त्या दोरानं नांगर उलटा ओढायचा, बहुतेक वेळा निघतो. दोर बोटीच्या मागं बांधून इंजिनचा जोर लावणारे असतात, तसं करू नका, मागची बाजू खाली दबते आणि पाणी आत येतं. काठावर जुन्या वस्तीच्या खुणा दिसतात तिथं तीन बोटींचा तळ ठोकूच नका, घाईत निघायचं झालं तर अडकलेला नांगर म्हणजे तिघींची पंचाईत.

प्रश्न: बांधलेल्या बोटींमधून पोरं पाण्यात उड्या मारतात, पोहायला येतं सगळ्यांना. काय हरकत?
(एक वाचक, पंढरपूर)

उत्तर: दोन बोटींच्या मधल्या फटीत उडी मारायला हरकतच आहे, लाटेनं फट मिटते तेव्हा पोहता येण्याचा काही उपयोग नाही. उतरायचं तर बाहेरच्या बाजूनं, शिडी लावून, आणि तिन्ही बोटींची इंजिनं बंद करून. नुसती आपली बंद करून भागत नाही. याला पंख्याशिवाय अजून एक कारण आहे, पेट्रोल इंजिनाच्या किंवा जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बोटी चिकटून उभ्या असल्या की मागच्या बाजूला तो पाण्यालगत साचून राहतो, पोहणाऱ्याचं नाक नेमकं त्याच उंचीला. गाणी लावायला म्हणून जनरेटर घेऊन जाणारे बघितलेत म्हणून सांगतो. डोकं जड झालं, मळमळलं तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका, आधी मोकळ्या हवेत या.

प्रश्न: फ्लेमिंगोच्या थव्याजवळ बोटी बांधून फोटो काढले तर चालतं का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: नाही. ते उथळ चिखलात चरतात, तिथं तुमचा पंखा गाळात जाणार आणि ते उडून जाणार, फोटोत पाठी येतील. लांब थांबा आणि झूम करा.

प्रश्न: दोर कुठला घ्यावा? दुकानदार निळा प्लास्टिकचा देतो.
(एक वाचक, मोहोळ)

उत्तर: निळा दोर हलका आणि स्वस्त असतो पण तो पाण्यावर तरंगतो, म्हणजे बरोबर पंख्यात जातो, शिवाय ताणत नाही आणि उन्हात लवकर कुजतो. नांगराला नायलॉनचा घ्या, तो ताणतो, हिसका पिऊन टाकतो आणि बुडतो. तुमच्या लहान बोटींना १० ते १२ मिलिमीटर जाडी पुरे. वापरून झाला की गोड्या पाण्यात धुवायची वगैरे भानगड नाही, आपलं पाणी गोडंच आहे, फक्त सावलीत वाळवा आणि जिथं घासून केस निघालेत तेवढा तुकडा कापून टाका.