बसत नाही याची काळजी, उभा राहतो याचं कौतुक

“बाळ नऊ महिन्यांचं होत आलं तरी बसत नाही. मागं पडलंय का?” सातमाशी-आठमाशी बाळांच्या आया हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. बहुतेकदा प्रश्न आईचा नसतोच, घरातल्या कुणीतरी तो तिच्या डोक्यात घातलेला असतो. मी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात समुपदेशक आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिलेली ही केंद्रं. आम्ही त्यांना डीईआयसीच म्हणतो.

कविता (नाव बदललं आहे) सासूबाईंबरोबर आली होती. कराडकडचं गाव, थोडी शेती. सातव्या महिन्यात तिचं बीपी एकाएकी वाढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली. आई आणि बाळ दोघांचाही जीव वाचवायचा तर सिझर लगेच करणं भाग होतं. बाळ ३०व्या आठवड्यात झालं, वजन १,२५० ग्रॅम. एसएनसीयूमधून (नवजात बाळांच्या विशेष देखभाल कक्षातून) घरी आल्यावर सगळं सुरळीत चाललं होतं, पण त्याच घरात जावेची मुलगी होती. याच्याहून आठ दिवसांनी धाकटी, आणि ती घरभर रांगत होती. रोज डोळ्यांसमोर तुलना. त्यात भर म्हणून कुणीतरी “सातमाशी पोरं मंदच असतात” असं सांगून गेलं होतं.

मी कविताला सोनोग्राफीच्या कागदावरची बाळंतपणाची तारीख बघायला सांगितली. बाळ त्या तारखेच्या दहा आठवडे आधी आलं होतं. पोटात काढायचे दहा आठवडे त्याने काचेच्या पेटीत काढले, पण म्हणून मेंदूची वाढ काही घाईने उरकत नाही. वाढीचे टप्पे बघताना तेवढे आठवडे वजा करायचे, साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत. डॉक्टर याला करेक्टेड एज म्हणतात. तसं मोजलं तर हा साडेसहा महिन्यांचा, आणि साडेसहा महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसलं नाही तर त्यात चिंतेसारखं काही नाही.

चटईवर ठेवला. मागून खुळखुळा वाजवला तर मान वळली. लाल लोकरीचा गोंडा पकडला, या हातातून त्या हातात घेतला, मग थेट तोंडात. पुढे दोन्ही हात टेकून क्षणभर बसला आणि कलंडला. वयाला साजेसं सगळं होतं.

मग आजी म्हणाल्या, “बसत न्हाई, पन हुबा कसा ऱ्हातोय बगा की!” आणि काखेत धरून त्याला उभा केला. पाय ताठ, टाचा वर, सगळा भार अंगठ्यांवर, गुडघे एकमेकांकडे ओढलेले. “आत्तापास्नं पायात बळ हाय. वॉकर बी आणलाय.”

मी कविताला विचारलं, “लंगोट बदलताना पाय बाजूला करायला जड जातात का?”

“जातात. मला वाटलं, ताकद आहे.”

घरच्यांची काळजी एकीकडे आणि बघायची गोष्ट दुसरीकडे, असं मला बरेचदा दिसतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या पायांत असा ताठरपणा येऊ शकतो. अनेकांचा तो वर्ष-दीड वर्षात ओसरतो. काहींमध्ये मात्र ती सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराची, सुरुवात असते. एका भेटीत ते ठरवता येत नाही, आणि ठरवून टाकणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. फिजिओथेरपिस्टनी तपासलं आणि काम लावून दिलं. वॉकर बंद, उभं करणं बंद, जागेपणी पोटावर खेळवायचं आणि कडेवर घ्यायचं, दोन्ही पाय कमरेभोवती फाकवून. कविता त्याला नाजूक म्हणून आडवाच घेत होती. आजींना मात्र हा उपाय भलताच पटला. “त्यात काय शिकायचंय? आमची समदी पोरं कडंवरच वाढली.” तेवढ्यात मी आंघोळीनंतरच्या धुरीचंही विचारून घेतलं. रोज देत होत्या. अशा बाळांची फुप्फुसं आधीच कमजोर असतात, धूर नकोच, हे पटवायला जरा वेळ लागला.

“सातमाशी आहे, होईल हळूहळू” हे वाक्य मला आवडत नाही. आठवडे वजा करायचे ते तुलना न्यायाची व्हावी म्हणून, तपासणी लांबवायला नव्हे. वजा करूनही चार महिन्यांना मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर थांबू नये. आणि काही गोष्टींत वजाबाकी नसतेच. कविताने लगेच विचारलं, “म्हणजे गोवराची लसही अडीच महिन्यांनी?” नाही! लसी जन्मतारखेनेच. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची द्यायची. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही अशा बाळांची जन्मानंतर महिन्याच्या आत व्हावी लागते. ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते. याची वेळेवर झाली होती.

आजी चहाला गेल्या तेव्हा कविता हळूच म्हणाली, “मी सोयाबीन काढायला गेले होते. त्यानं झालं का?” गरोदरपणातल्या या बीपी वाढण्याच्या आजाराचं मूळ वारेत असतं, शेतात वाकण्यात नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. पुढच्या खेपेला तो पुन्हा होण्याची शक्यता असते, म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना हा इतिहास सांगायचा. काहींना कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, ती चौथा महिना संपायच्या आत सुरू करावी लागते.

आणि “मंदच असतात” त्याचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत होता, पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा मात्र कमी. बाराव्या वर्षी वाचन, गणित आणि डोळा-हाताचा मेळ यांत अडचणी दिसल्या होत्या. ‘काही होत नाही’ असं मी म्हणणार नाही, पण मंदपणाचा शिक्का सरळसरळ खोटा आहे. शाळेत घालण्याआधी एकदा नीट तपासून घ्यावं. पहिलीत अक्षर वाकडं येतं म्हणून मार खाणाऱ्या मुलांमध्ये अशी मुलं असतात.

करेक्टेड आठव्या महिन्यात तो बसला, पंधराव्यात चालला. टाचा आता टेकतात, पळताना कधी कधी उचलतात, म्हणून व्यायाम सुरू आहेत. तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर बघायला पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या ओपीडीची तारीख दिली आहे.