गावी परतलेला नवरा गप्प झालाय

प्रश्न: ताई, नमस्कार. माझा नवरा स्वीडिश आहे, येव्लेजवळच्या सांडविकेनचा, तिथेच शाळा तिथेच पहिली नोकरी, मग कंपनीने पुण्याला पाठवलं आणि तो पुण्यातच रमला, लग्न तिथे झालं, मुलगी तिथे झाली. आता सासूबाईंची तब्येत बरी नसते म्हणून या ऑगस्टमध्ये आम्ही इकडे शिफ्ट झालो. सगळ्यांना वाटलं मला जड जाईल, पण मी बरी आहे, स्वीडिशचा क्लास लावलाय, मैत्रिणी मिळाल्यात. बिनसलंय ते त्याचं. घरी येतो, जेवतो, गप्प बसतो. शाळेतले मित्र भेटले तर 'इंडिया कसं होतं' एवढंच विचारलं आणि लगेच गाडीच्या विंटर टायरवर गेले. स्वतःच्याच गावात असं कसं होतं? मी काय करू?

उत्तर: अगं, तुझी काळजी बरोबर आहे. तू नवीन आहेस हे सगळ्यांना दिसतं, म्हणून तुझ्यासाठी नगरपालिकेचा फुकट क्लास आहे, लोक हळू बोलतात, सांभाळून घेतात. त्याच्यासाठी असं काहीच नाही, कारण तो गावचा पोरगा, त्याला काय शिकवायचं? आणि त्यालाही तसंच वाटतं, म्हणून तो कोणाला सांगत पण नसणार.

पुण्यात त्याला माणसं मागावी लागली नाहीत ना. ऑफिसात डबा उघडला की चार हात पुढे येतात, सोसायटीच्या गणपतीत कोणीतरी हाताला धरून आरतीला उभं करतं. स्वीडनच्या छोट्या गावात न विचारता कोणाकडे जायचं नाही, फार खोदून विचारायचं नाही, हा तिथला मान ठेवायचा प्रकार आहे. त्या मित्रांचा राग धरू नका. 1 डिसेंबरपासून बर्फाच्या रस्त्यावर विंटर टायर कायद्याने लागतात, तेव्हा हिवाळा तोंडावर आला की तो विषय खरंच सगळ्यांच्या डोक्यात असतो. पण त्याची इतकी वर्षं कोणी ऐकलीच नाहीत हे दुःख खरं आहे, ते तू घरी ऐक, पुन्हा पुन्हा ऐक.

आता मला मनापासून वाटतं ते सांगते. तिथे मैत्री घरी येऊन होत नाही, ठरलेल्या वारी ठरलेल्या कामाला एकत्र गेल्याने होते. क्लब, कॉयर म्हणजे गाण्याचा ग्रुप, स्टडी सर्कल म्हणजे एकत्र जमून काहीतरी शिकायचे छोटे गट, सगळं गाव यावर चालतं, कामगारांची एबीएफ ही संस्था तर 1912 पासून स्टडी सर्कल चालवतेय. आणि सांडविकेन म्हणजे बँडीचं गाव, बर्फावर हॉकीसारखं पण बॉलने खेळतात ते, 2009 पासून इनडोअर योरान्सन अरेना आहे. मुलांच्या क्लबात कॉफी-हॉटडॉग विकायला, पोरांना मॅचला गाडीतून न्यायला आईबापच लागतात. मुलीला स्केटिंगला घाला आणि त्याला किऑस्कची ड्युटी घ्यायला लाव. समोरासमोर बसून जी माणसं बोलत नाहीत ती कॉफी ओतताना बोलतात, आणि दर आठवड्याला तोच चेहरा दिसला की हळूहळू विचारतात पण.

कागदपत्रं रखडली असतील तर ती आधी उरका. टॅक्स ऑफिसात पुन्हा रहिवासी म्हणून नोंद, मग बँक, मग बँकआयडी, म्हणजे मोबाईलवरची डिजिटल ओळख. पर्सनल नंबर, म्हणजे तिथला ओळख क्रमांक, जुनाच राहतो, पण बँकआयडी नसेल तर डॉक्टरची अपॉइंटमेंट, स्विश या मोबाईल अॅपने पैसे पाठवणं, सगळं अडतं आणि आपल्याच देशात बाहेरचं असल्यासारखं वाटतं. त्याच्या गप्प बसण्यात याचाही वाटा असू शकतो.

अंधाराचं पण बघ. डिसेंबरच्या शेवटी तिकडे उजेड सहा तासांहून कमी असतो, पुण्याची सवय झालेल्या शरीराला ते झेपत नाही. जेवणाच्या सुट्टीत रोज बाहेर चालायचं, थंडी असली तरी. आणि झोप उडाली, कशातच मन लागत नाही असं दोन-तीन आठवडे राहिलं तर 1177 या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करा, लाजू नका.

मुलीच्या मराठीचं शाळेत विचारून ठेव. घरी रोज बोलतात त्या भाषेची कमीत कमी 5 मुलं नगरपालिकेच्या हद्दीत असली आणि शिक्षक मिळाला तर त्यांना मातृभाषेचा तास द्यावा लागतो. छोट्या गावात कठीण आहे पण विचारायला काय जातं.

आणि त्या शाळेतल्या मित्रांना बायकांसकट जेवायला बोलव. तीन आठवडे आधी तारीख सांग, सहा म्हणजे सहालाच येतील. मिसळ कर, तर्री वेगळ्या भांड्यात ठेव. हे काय, कसं खायचं, तिकडे कुठे खायचास, असं ते त्यालाच विचारतील, तेव्हा तू मध्ये बोलू नकोस, त्यालाच सांगू दे.