मूळ संवाद तसेच ठेवून शेक्सपिअर आजच्या काळात बसवता येतो का?

येतो. संवाद चारशे वर्षांपूर्वीचे आणि पात्रं सूटबुटात, हे बघून प्रेक्षक हसणार नाहीत का, अशी तुमची शंका आहे. कपड्यांना सहसा कुणी हसत नाही. पात्र नेमकं कुणाशी बोलतंय हे कळेनासं झालं की चुळबुळ सुरू होते. रंगावृत्ती, म्हणजे नाटकाची प्रयोगासाठीची संहिता, करताना माझी सगळ्यात जास्त डोकेफोड स्वगतांवरच होते.

शेक्सपिअर आणि त्याचा समकालीन नाटककार मार्लो यांची नाटकं लंडनच्या उघड्या नाट्यगृहांत दुपारी व्हायची. नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात, त्यामुळे स्वगत म्हणजे समोरच्या माणसांशी सरळ बोलणं. आता प्रेक्षक अंधारात गेला, आणि सिनेमात तर तो समोर नसतोच. मग नट शून्यात बघत पल्लेदार वाक्यं टाकतो आणि मागच्या रांगांत मोबाइल उजळतात.

'रिचर्ड द थर्ड'वरच्या १९९५ च्या चित्रपटातला तोडगा बघाच. काळ १९३० च्या दशकातला, इंग्लंड फॅसिस्ट वळणाचं. नाटकाच्या सुरुवातीचं प्रसिद्ध स्वगत रिचर्ड झालेला इयन मॅकेलन भर समारंभात मायक्रोफोनवर भाषण म्हणून सुरू करतो. मनातलं विष बाहेर पडायची वेळ येते तेव्हा तो असतो चक्क मुतारीत! तिथे आरशात त्याची नजर आपल्यावर पडते आणि उरलेलं तो आपल्याला सांगतो. शब्द शेक्सपिअरचेच, पण आता आपणही त्याच्या कटात सामील. शेवटी रणांगणावर 'घोड्यासाठी राज्य देतो' म्हणत घोडा मागतो तेव्हा त्याच्या जीपचं चाक रुतलेलं असतं. (रिचर्डला शाप देणाऱ्या राणी मार्गारेटला मात्र त्यांनी अख्खीच कापली. मी तिचे शाप सोडले नसते.)

कात्री लावायची तर आधी वर्णनांना लावा. 'हॅम्लेट'च्या पहिल्याच प्रवेशात बारा वाजलेत, कडाक्याची थंडी आहे, हे पहारेकरी बोलून दाखवतात, कारण डोक्यावर ऊन असायचं. आज ते काम प्रकाशयोजना करते. ऑलिव्हिएने १९४८ च्या आपल्या 'हॅम्लेट' चित्रपटात नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रासच उडवला; नाटकातलं राजकारण गेलं, घरातलं भांडण उरलं. ब्रॅनाने १९९६ च्या आपल्या 'हॅम्लेट'मध्ये सगळं ठेवलं, तर चित्रपट चार तासांवर गेला.

भाषा बदलणार असाल तर बाकीचंही बदलायची तयारी हवी. 'हॅम्लेट'वरच्या 'हैदर' या हिंदी चित्रपटात (२०१४) बापाचं भूत नाही. बापासोबत कोठडीत राहिलेला रूहदार त्याचा निरोप घेऊन येतो. १९९५ च्या काश्मीरमध्ये, जिथे माणसं बेपत्ता होतायत, तिथे भुतापेक्षा हा जास्त हादरवतो. आपल्याकडे आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं ते १८८३ मध्ये, म्हणजे ही खटपट मराठीला नवी नाही.

कुठलं नाटक घेताय ते तुम्ही लिहिलेलं नाही. मार्लोचं 'एडवर्ड द सेकंड' असेल तर डेरेक जार्मनचा १९९१ चा चित्रपट आधी बघा. राजा आणि त्याचा प्रियकर गॅव्हस्टन ताटातुटीआधी नाचत असताना अ‍ॅनी लेनक्स कोल पोर्टरचं विसाव्या शतकातलं गाणं म्हणते, आणि मला तरी ते जराही उपरं वाटलं नाही.